डाव्या हाताची

फोटो कापायला अक्कल लागत नाही असं ज्याला वाटतं, त्यानं एक दिवस माझ्या खुर्चीत बसून दाखवावं. भोसरीत एमआयडीसीकडे वळायच्या आधी माझं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो. दिवसाला साठ-सत्तर फोटो माझ्या हाताखालून जातात. कुणी लग्नातला आणतं, कुणी जत्रेतला. एकानं तर म्हशीच्या गळ्यात हात टाकून काढलेला आणला होता आणि म्हणे, ताई, म्हैस तेवढी काढा. म्हटलं, बरं झालं सांगितलंत, नाहीतर कुणाला ठेवू असा प्रश्नच पडला असता.

सरकारी फॉर्मला फक्त तोंड लागतं. खांद्यापर्यंत, पन्नास केबीच्या आत. शेजारचा फ्लेक्सवाला त्यासाठी मोठमोठी सॉफ्टवेअरं टाकून बसलाय. मी कंप्युटरमध्ये आयतं असलेल्या पेंटवर करते. फोटो उघडायचा, सिलेक्टची चौकट तोंडाभोवती ओढायची, क्रॉप दाबायचं, कंट्रोल एस. संपलं. चौकटीच्या बाहेर जे असेल ते गेलं. अकरा वर्षांत एकही फॉर्म फोटोवरून परत आला नाही, आणि हे मी येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायची. ऐकवायची म्हणते, कारण आता नाही ऐकवत.

मी फटकळ आहे. मिनलताईचं तोंड वाईट पण काम चोख, असं आमच्या गल्लीत म्हणतात, आणि मलाही ते आवडायचं. फॉर्म भरताना कुणी उगाच मधे बोललं की मी म्हणायची, तुम्ही बसता का इथे, मी उठते. त्यामुळे लोक मला फार काही विचारत नाहीत. मीही लोकांना फार विचारत नाही. त्या मंगळवारी विचारलं असतं तर!

एप्रिल होता. सकाळी अकरालाच रस्ता भाजत होता. कसल्याशा भरतीच्या फॉर्मची शेवटची तारीख, त्यामुळे दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. साइट मधेच बंद पडायची, पोरं माझ्यावर वैतागायची आणि मी त्यांच्यावर. तेवढ्यात ज्योतीरामचा व्हॉट्सअॅप आला. एक फोटो आणि खाली आवाजाचा मेसेज.

ज्योतीराम आमच्याच मागच्या चाळीत राहतो. मूळचा अंबाजोगाईकडचा, चाकणला एका कंपनीत प्रेस मशीनवर आहे. त्याचा पीएफ, लेकीचं आधार, भाडेकरार, सगळं मीच केलेलं. बायको योगिनी थेरगावची. गरीब माणूस. हिशोबाला चोख आणि बोलायला इतका कमी, की मला वाटायचं हा मला घाबरतो. दोन महिन्यांपूर्वी गावाकडून आईला घेऊन आला, एवढं कानावर होतं. आईला मी पाहिलेलं नव्हतं. म्हातारीला अलीकडे काही आठवत नाही, म्हणून बाहेर सोडत नाहीत, असं योगिनी एकदा म्हणाली होती.

मेसेज लावला. मागे गाड्यांचा आवाज, आणि हा धापा टाकत बोलतोय. "ताई, आई घरात न्हाई. नवापासून. योगिनी पाण्याला गेली तेवढ्यात निघाली. मी कंपनीतून निघालोय, रस्त्यात हाय. एकच फोटो हाय बघा. मधी मी हाय, डाव्या हाताची आई. तेवढी कापून घ्या अन् सगळ्या ग्रुपवर टाका. केसरबाई नाव लिहा. माझा नंबर घाला. ताई, लवकर करा."

फोटो उघडला. त्याच्या लेकीच्या बारशातला असावा. मधे ज्योतीराम नव्या शर्टात, दोन्ही बाजूंना दोन म्हाताऱ्या. दोघी डोक्यावरून पदर घेतलेल्या, दोघींना मोठं कुंकू. डाव्या हाताची. स्क्रीनवर डावीकडे जी होती तिच्याभोवती मी चौकट ओढली.

आणि इथं मी थांबले होते. खोटं कशाला सांगू? उजवीकडच्या म्हातारीचं नाक अगदी ज्योतीरामचं होतं. तसंच बसकं, तसंच टोकाला रुंद. मला दिसलं. फोन करून विचारावं असं मनात आलं. पण समोर पोरगा उभा होता, "ताई, साइट चालू झाली, साइट चालू झाली" करून डोकं खात होता. आणि मी स्वतःशी म्हटलं, मिनल, तो काय आपल्या आईला ओळखत नाही? डावी म्हणाला ना, मग डावी.

क्रॉप दाबलं. ज्योतीरामचा खांदा आणि ती दुसरी म्हातारी चौकटीबाहेर गेली. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, "हरवल्या आहेत. केसरबाई, वय ७०" आणि त्याचा नंबर. कंट्रोल एस. मग टाकत सुटले. चाळीचे ग्रुप, रिक्षावाल्यांचा, मेसवाल्यांचा, चाकणच्या सिक्युरिटी गार्डांचा. गार्ड लोकांच्या पोलीस व्हेरिफिकेशनचे फॉर्म मीच भरते, त्यामुळे त्यांच्या ग्रुपवर मी आहे. ज्योतीरामलाही पाठवला. सगळं मिळून चार मिनिटं लागली. खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. माणसाच्या अडीनडीला धावले असं वाटलं होतं.

ज्योतीरामनं तो फोटो उघडलाच नाही. नंतर म्हणाला, आईचा फोटो म्हणजे आईचाच असणार, त्यात काय बघायचं? आला तसा त्यानं चौकीवरच्या हवालदाराला पुढे पाठवला, हेल्मेट घातलं आणि गाडी पळवली. योगिनी फोन शेजारणीकडे ठेवून गल्ल्या पालथ्या घालत होती, सासू परत आली तर शेजारीण त्यावरून ज्योतीरामला कळवेल म्हणून. म्हणजे त्या म्हातारीला ओळखणारी दोन माणसं, आणि दोघांनीही फोटो बघितला नाही. बघणारे सगळे परके.

ते सगळे भोसरीत शोधत होते. बसस्टॉप, देऊळ, भाजीबाजार, सरकारी दवाखाना. आणि म्हातारी होती चाकणला! ज्योतीराम सकाळी डबा विसरला होता. तो तिनं कट्ट्यावर बघितला आणि उचलला. लेक रोज "चाकणला जातो" म्हणतो, एवढं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. चौकात उभी राहिली, चाकण चाकण ओरडणाऱ्या रिक्षात बसली. हे आम्हाला मागून कळलं. ज्योतीराम चाकणहून भोसरीला तिला शोधायला निघाला तेव्हा ती तिकडेच उतरत होती. आमच्यातलं एकही माणूस तिच्याजवळ पोचलं नाही. पोचला तो फक्त मी कापलेला फोटो.

पावणेतीनला माझा फोन वाजला. ज्योतीराम. मी आधीच विचारलं, "सापडल्या का?"

"ताई, तुम्ही कुणाचा फोटो टाकलाय?"

"कुणाचा म्हणजे? तुमच्या आईचा."

"ती माझी सासू हाय ताई!"

झालं असं होतं. त्याची सासू सुमनताई थेरगावात राहते. बिचारीला यातलं काही माहीत नाही. डांगे चौकात भाजी घ्यायला गेली, तर दोन पोरांनी तिला धरलं. आजी, घाबरू नका, तुम्ही हरवलाय. ती म्हणते, मेल्यांनो, मी कशी हरवेन, पलीकडच्या गल्लीत घर आहे माझं! पोरं ऐकेनात. म्हणतात, हो हो आजी, पाणी प्या. भाजीवालीनंही फोटो बघून "हीच ती" म्हणून सांगितलं. पाऊण तास बसवून ठेवली. शेवटी त्या पोरांनी फोटोवरचा नंबर लावला आणि सुमनताईनं फोन ओढून घेतला, तर पलीकडे जावई.

दुसरी कुठली वेळ असती तर आम्ही पोट धरून हसलो असतो.

मी काय केलं? मी भांडले. लाज वाटते सांगायला, पण भांडले. म्हटलं, "तुम्हीच म्हणालात डाव्या हाताची. मी डावीच कापली."

"माझी डावी ओ ताई, माझी! मी फोटोत हाय ना मधी."

"ते मला कसं कळणार? मी काय फोटोत उभी आहे? डावीकडे म्हणजे डावीकडे. सगळं जग समोरून बघतं."

तो म्हणाला, "बरं ताई. आता दुसरी टाका." तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

फाइल उघडली तर तीत सुमनताईचंच तोंड. बाकीचा फोटो मीच पुसून बसले होते. चॅटमध्ये वर जाऊन मूळ फोटो पुन्हा उतरवला. या वेळी कापला नाही. पेंटमधला लाल ब्रश घेतला आणि केसरबाईभोवती गोल काढला, वाकडातिकडा, पोरं काढतात तसा. तिघंही राहू दिले. त्या बसक्या नाकाच्या बाजूनं ब्रश फिरवला. चार तासांपूर्वी मला ते दिसलं होतं. मी ते ज्योतीरामला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

फोटो टाकून पाच मिनिटं झाली नसतील, गार्डांच्या ग्रुपमधून फोन आला. मालोजी म्हणून चाकणच्या एका कंपनीच्या गेटवर असतात, साठीचे, खेड भागातले जुने. मी त्यांचा फॉर्म भरला होता. म्हणाले, "मॅडम, ही गोल केलेली म्हातारी आमच्या गेटवर बसली हुती की!"

"होती म्हणजे? आता कुठाय?"

"गेली. दीड वाजला आसंल."

"अहो, धरून ठेवायचं ना मग!"

"फोटो दुसऱ्याच बाईचा हुता ना मॅडम," ते म्हणाले.

ज्योतीरामला कळवलं. दुकान तसंच टाकलं, पोरांना म्हटलं, भरा तुमचे तुम्ही. एक रिक्षा केली, योगिनीला घेतलं आणि निघालो. मोशीच्या पुढे ट्रकची रांग लागलेली. योगिनी सारखी म्हणत होती, "पदर घेतला असेल ना डोक्यावर? त्या घेतात. उन्हात घेतातच." मी हो हो म्हणत होते. मी तरी काय सांगणार होते?

साडेचारला सापडल्या. गेटपासून दोन किलोमीटरवर, एका बंद गोडाऊनच्या भिंतीला टेकून. टेम्पोवाल्यानं बघितलं, मालोजींच्या ग्रुपवरचा फोटो त्याच्यापर्यंत पोचला होता, लाल गोलाचा. त्यानं लगेच ओळखलं. बघा, तीन माणसांच्या फोटोतूनसुद्धा ओळखलं. त्यानंच गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. आम्ही पोचलो तेव्हा डॉक्टर बाहेर आले होते. ऊन लागलं, म्हणाले. आणेपर्यंत संपलं होतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात लोखंडी खुर्च्या होत्या. योगिनी आत होती. ज्योतीराम भिंतीला पाठ लावून खाली बसला होता, शर्टावर कंपनीचं नाव, हेल्मेट अजून मनगटात अडकवलेलं. मी त्याच्यासमोर उभी राहिले. येतानाच्या सगळ्या रस्त्यात मी मनात बोलून ठेवलं होतं. ज्योतीराम, मला नाक दिसलं होतं. मला शंका आली होती. मी विचारलं नाही.

मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "ताई, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. चूक माझीच. नीट सांगायला पाहिजे हुतं. घाईत बोललो."

आणि मी, जी दिवसभर कुणाचं ऐकून घेत नाही, ती गप्प राहिले. ते त्याच्या अंगावर तसंच राहू दिलं.

सुमनताई आल्या होत्या. हातात भाजीची पिशवी तशीच, मेथी सुकून गेलेली. माझ्याकडे त्यांनी एकदाच बघितलं. मग ज्योतीरामच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. दोघी विहिणींचं चांगलं होतं म्हणे. केसरबाई आल्यापासून दर गुरुवारी या थेरगावहून भोसरीला यायच्या, दोघी दारात बसून लसूण सोलायच्या. केसरबाई नातीचं नाव विसरायच्या, पण गुरुवारी सकाळपासून दाराकडे बघत बसायच्या.

सहाच्या सुमाराला मालोजी आले. ड्युटी संपवून तसेच, गणवेशावर, टोपी हातात. पोलिसांनी जबाबाला बोलावलं होतं. तो देऊन झाल्यावर जायचं सोडून ते ज्योतीरामपाशी आले आणि उकिडवे बसले.

"पोरा, मी सांगतो. पोलिसांना सगळं न्हाई सांगितलं. तुला सांगतो."

ज्योतीरामनं मान वर केली.

"साडेबाराला आल्या त्या. हातात डबा. म्हणल्या, जोतिरामला द्यायचाय. मी आत फोन लावून इचारलं, आमच्यात त्या नावाचं कुणी न्हाई. म्हटलं, बसा सावलीला. केबिनच्या मागं बसवल्या, पाणी दिलं. मग ग्रुपवरचा फोटो ध्यानात आला. नाव इचारलं, तर म्हणल्या, गोदा."

"माहेरचं नाव," ज्योतीराम म्हणाला. "लग्नात केसर ठेवलं. अलीकडं गोदाच सांगायची."

"मला काय ठावं? फोटो जुळंना, नाव जुळंना. तरीबी म्हटलं, बघावं. मोबाईल त्यांच्या तोंडाम्होरं धरला. म्हटलं, आजी, ही कोण, वळखता का? तर हासल्या. एवढ्या येळात पहिल्यांदा हासल्या बघा. म्हणल्या, आगं बया, ही आमची इहीणबाई."

सुमनताईंच्या हातातली पिशवी खाली आली.

"मला वाटलं, येडसर म्हातारी हाय, काहीबी बोलती. उगं चेष्टा केली ओ मी. म्हटलं, तुमची इहीणबाई हरवलीया. तर ताडकन उठल्या. हरवली? आन् मी हितं सावलीला बसलीया व्हय? तिला हिकडचा रस्ता ठावं न्हाई, म्हणल्या. मी म्हटलं, आजी, ऊन लई हाय, बसा. ऐकंनात. इचारत्यात, कुठल्या अंगानं गेली? तेवढ्यात सायबांची गाडी हॉर्न द्यायला लागली, मला गेट उघडायचं हुतं. मी आपला हात केला रस्त्याकडं. जा म्हटलं, तिकडं बघा." मालोजींनी टोपी तोंडावर धरली. "तिकडं काय न्हाई ओ. निस्ती गोडाऊनं हायती."

मग सुमनताई पुढे झाल्या आणि मालोजींच्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, "मला शोधायला गेली व्हय ती?"

"व्हय," मालोजी म्हणाले. "हाका मारत गेली. ओ इहीणबाई, ओ इहीणबाई. मला वळणापस्तोर ऐकू येत हुतं."